मिस लाझारू, शंभरपैकी एकेचाळीस

६ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ११

फसवणूक! नोरीन म्हणाली, गावात जाऊन मेंढ्यांचं जंताचं औषध घेऊन येऊ. गाडी औषधाच्या दुकानावरून सरळ पुढे गेली आणि बॅलंगाराच्या हॉस्पिटलच्या दारात थांबली. चव्वेचाळीस वर्षांचा संसार आणि बायको ही अशी. वर माझा लांबचा चष्मा तिच्या हातपिशवीखाली सापडून पिचला. म्हणे, तूच हात आपटलास.

आणि हे सगळं कशासाठी, तर एका फोडासाठी. १५ तारखेला आमच्या गावचा शेती-शो आहे. मेंढ्यांचा जज्ज म्हणून माझं यंदा चाळिसावं वर्ष. चाळिसाव्या वर्षी जुने बूट घालून रिंगणात उतरणं बरं दिसत नाही, म्हणून नवे घेतले. डाव्या अंगठ्याला फोड आला, फुटला, जरासा काळा पडला. शेजारचं बोटही त्याच्या नादी लागलं. दुखत मात्र अजिबात नाही. मला साखर आहे पंधरा वर्षं, पण थोडी. दुखत नाही म्हणजे बरं होतंय, एवढं साधं गणित इथल्या लोकांना येत नाही.

संकल्प: रविवारी जेवायला घरी. तोपर्यंत इथल्या डॉक्टरांना नीट पारखायचं. शोची वही बरोबर आहेच. शंभर गुणांचा तक्ता: पाय, चाल, तोंड, डोळे, लोकर. लोकरीच्या जागी कपडे धरू.

६ नोव्हें. दुपारी ४

मला झोपवून डावा पाय उशांवर चढवलाय. हातात सलाईनची सुई. खिडकीजवळची कॉट मिळाली, पण चष्म्याशिवाय पलीकडे काहीतरी पिवळट-हिरवं दिसतं, एवढंच. शेजारच्या कॉटवरचा बर्नी म्हणतो ओट्सचं शेत आहे. बर्नीने जन्मभर लोकर कातरली आणि आता त्याचं पित्ताशय काढायचंय. मला बघितल्याबरोबर ओरडला, अरे, हा तर तो जज्ज! एकोणनव्वद साली माझ्या मेव्हण्याच्या एडक्याला तिसरा नंबर देणारा! एडका तिसऱ्याच लायकीचा होता. मागचे खूर बघवत नव्हते.

मग तिघंजण आले. पुढे एक बाई, चाळिशीच्या आतली, पायात पळायचे बूट. मागे दोघं, फायली घेऊन. बर्नीकडून त्यांचे बिल्ले वाचून घेतले. मागच्या दोघांच्या बिल्ल्यांवर डॉक्टर. पुढच्या बाईच्या बिल्ल्यावर मिस लाझारू. नुसती मिस! दोन चांगले डॉक्टर मागे उभे आणि ही मिस सगळ्यांच्या पुढे. वर बोलतही तीच होती. ते दोघं मान डोलावत होते. काय शिस्त आहे इथे!

तिने माझ्या पायाच्या घोट्यावर बोटं ठेवली, डोळे मिटले, पुन्हा ठेवली. बरंच काही सांगत होती. जज्जाने मालकाचं बोलणं ऐकायचं नसतं, जनावर बघायचं असतं. मालक काय, आपल्या मेंढीची तारीफच करणार. म्हणून मी ऐकलं नाही, गुण मांडत होतो. बूट: दहापैकी तीन. हात: लहान. आवाज: हळू. चाल: घाईची. एकूण एकेचाळीस. मेंढी असती तर पहिल्याच फेरीत रिंगणाबाहेर.

बेरीज संपली तेव्हा तिचं शेवटचं वाक्य कानावर पडलं. अंगठा आणि शेजारचं बोट उद्या सकाळी काढायचं.

म्हटलं, कोणी?

म्हणाली, मी.

७ नोव्हें. शुक्रवार

संमतीच्या कागदावर सही करायला नकार दिला. शांतपणे, सभ्यपणे. नोरीन म्हणते मी ओरडलो. मी फक्त एवढंच म्हटलं की मला खरा डॉक्टर हवा. मागच्या दोघांपैकी कोणीही चालेल. ते दोघं जमिनीकडे बघायला लागले. बिचारे. बाईसमोर बोलायची सोय नाही.

मिस लाझारू रागावली नाही. हा कच्चेपणा. कसलेला माणूस रागावतो. म्हणाली, पायाचा रक्तपुरवठा कमी आहे, उशीर केला तर दोन बोटांवर भागणार नाही, तुम्हाला दुसरं मत हवं असेल तर मेलबर्नहून मागवते. मागव म्हटलं.

दुपारी उत्तर आलं. मेलबर्नच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या कोणा मिस्टर हॅलोरनने फोटो बघितले, तो मिस लाझारूशी सहमत आहे. मिस्टर! मिसच्या बाजूने मिस्टर साक्ष देतोय. उद्या इथल्या स्वयंपाकिणीचंही मत मागवतील. मी सही केली नाही.

सिस्टर मरिसेल सलाईन बदलायला आली. फिलिपिन्सची आहे, हात हलका, दात चांगले. ब्याऐंशी. तिला विचारलं, ही मिस खरंच कापते का माणसांना? म्हणाली, लिंडसे, माझ्या आईला कापायचं असतं तर मी तिच्याचकडे नेलं असतं. आईवर राग असेल.

८ नोव्हें. शनिवार

नोरीन माझी पॅंट घरी घेऊन गेली. बूटही. धुवायला, म्हणे. बूट कोण धुतं?

सकाळी १० ला वॉर्डची टेहळणी केली. सलाईनचा खांब धरून दारापर्यंत गेलो. हा गाऊन मागून उघडाच असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दार कार्ड लावल्याशिवाय उघडत नाही. कार्ड नाही, चष्मा नाही, पॅंट नाही. मेंढ्यांच्या वाड्याला सुद्धा आतून निघायला एखादी फट असते. पंधरा मिनिटं दारापाशी उभा राहिलो, कोणीतरी येईल आणि आपण सटकू म्हणून. आली ती मरिसेलच, चाकाची खुर्ची घेऊन. मी म्हटलं, दाराची बिजागरी तपासत होतो. ती म्हणाली, बसा आता बिजागरीवाले.

बर्नी तासभर हसत होता. त्याचे टाके अजून पडलेले नाहीत याचं वाईट वाटलं. टाक्यांवर हसणं दुखतं म्हणतात.

उद्या घरी जाण्याचा बेत पुढे ढकलला. मंगळवारी नक्की.

९ नोव्हें. रविवार. सकाळी १०:३०

अखेर! अखेर एक डॉक्टर!

पांढरे केस, सरळ पाठ, सावकाश चाल. तपकिरी चामड्याचे बूट, पॉलिश केलेले. कॉटजवळ आला तेव्हा बिल्ल्यावरची मोठी अक्षरं मी स्वतः वाचली: डॉ. आयव्हर लॉकयर. खाली बारीक अक्षरांत काहीतरी होतं, पदव्या असणार. मला त्याने नाव विचारलं, गाव विचारलं, मेंढ्या कोणत्या जातीच्या ते विचारलं आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतलं. मध्येच पायाला हात घालून डोळे मिटले नाहीत. पाय उघडून बघितलाही नाही. ज्याला कळतं त्याला उघडावं लागत नाही.

आणि नम्रता किती! पुस्तकांची ढकलगाडी स्वतः ढकलत आला होता. एवढा मोठा माणूस, पण रोग्यांना वाचायला पुस्तकं स्वतःच्या हाताने देतो. बर्नी नीट उठून बसला देखील नाही. म्हणाला, घोडे असलेलं काहीतरी द्या. डॉक्टर वाकले आणि घोडे असलेलं काहीतरी शोधून दिलं.

चौऱ्याण्णव. सहा गुण राखून ठेवलेत. चाळीस वर्षांत मी शंभर कोणाला दिलेले नाहीत.

१० नोव्हें. सोमवार

मिस लाझारू रोज सकाळी येते. रोज तेच. आज म्हणाली, तिसरं बोटही गेलंय, काळेपणा तळव्याकडे सरकतोय, कृपा करून आज सही करा. नोरीन कोपऱ्यात रुमाल चुरगाळत होती. मी म्हटलं, योग्य माणसाशी बोलल्याशिवाय काही नाही.

बर्नीला पोटाच्या फोटोसाठी नेलं होतं, नोरीन चहाला गेली होती, तेवढ्यात डॉ. लॉकयर आले. गाडी बाजूला लावून खिडकीपाशी, म्हणजे माझ्या पायापाशीच, उभे राहिले. बराच वेळ नुसते बघत होते. मी धीर करून पायाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, डॉक्टर, खरं सांगा. कापायचं की थांबायचं?

म्हणाले, कापायची घाई सगळ्यांनाच असते हो. पण रंग बघा. अजून हिरवं आहे. मुळाशी ओल आहे. आत्ता कापलं तर आतल्या आत कुजेल. माझं असतं तर मी आणखी आठवडाभर चांगलं ऊन खाऊ दिलं असतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हिरवं म्हणजे जिवंत! आणि शेतकरी माणसाला समजेल अशा भाषेत सांगितलं. याला म्हणतात डॉक्टर. गुण: सत्त्याण्णव.

संकल्प: ऊन.

११ नोव्हें. मंगळवार

सकाळी पट्टी सोडली आणि पाय खिडकीतल्या उन्हात ठेवला. वीस मिनिटं झाली असतील, मरिसेल आली आणि तिच्या हातातला ट्रे खाली पडला. लिंडसे, हे काय केलंत! तिला इतक्या जोरात बोलता येतं हे माहीत नव्हतं. माशा बसल्या होत्या म्हणे. दोनच होत्या.

मिस लाझारू धावत आली. पळायचे बूट का घालते ते आज कळलं. मी तिला सांगून टाकलं की याच हॉस्पिटलातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मला थांबायला सांगितलंय. ती थबकली. कोणी? नाव सांगा. मी सांगितलं नाही. एका चांगल्या माणसाची नोकरी अडचणीत आणणं माझ्या स्वभावात नाही. तिने अर्धा दिवस सगळ्या डॉक्टरांना विचारण्यात घालवला असं मरिसेल म्हणते. सगळ्यांनी कानावर हात ठेवले. साहजिक आहे. तिला घाबरतात.

आज घरी जायचं होतं. अंगात जरा कणकण आहे, म्हणून गुरुवार धरू. शनिवारी शो. जज्ज नसेल तर शो होत नाही.

१२ नोव्हें. बुधवार

बर्नीने कॉट बदलून मागितली. म्हणाला, जज्ज, रागावू नकोस, पण वास सहन होत नाही. मी म्हटलं दुपारी मासे होते. म्हणाला, मी साठ वर्षं मेंढ्यांत काढली, कुजलेला खूर माझ्या नाकाला कळतो. तो गेला दाराजवळच्या कॉटवर. बरं झालं, घोरतो फार.

नोरीन पलंगावर बसली. एरवी कधी बसत नाही, चादर सुरकुतते म्हणते. म्हणाली, लिंडसे, तुझ्या एखाद्या मेंढीचा पाय असा झाला असता तर तू तासभर तरी थांबला असतास का रे? मी म्हटलं, मेंढीची गोष्ट वेगळी. म्हणाली, हो, मेंढीसाठी तू डॉक्टर बोलावतोस तेव्हा त्याला मार्क देत बसत नाहीस. मग रडली. मला एकटीला त्या घरात जेवायला बसायचं नाहीये, म्हणाली. मी तिचा हात धरला. शोचे फलक रंगवून झाले का ते विचारलं. तिने हात काढून घेतला.

थंडी वाजतेय. वही धरायला जड लागते. डॉ. लॉकयर काल आले नाहीत, आजही नाहीत. फक्त रविवारी-सोमवारी येतात म्हणे. मोठ्या माणसाला किती हॉस्पिटलं बघायची असतील.

आठवडा व्हायला अजून पाच दिवस आहेत. कॉटला दोन्ही बाजूंनी कठडे लावलेत. पडू नये म्हणून, असं सांगतात.

१३ नोव्हें. गुरुवार. सकाळी ७

ताप १०३. मिस लाझारू एकटीच आली, मागे कोणी नाही. खुर्ची ओढून बसली. म्हणाली, आता बोटांची गोष्ट राहिली नाही. विष रक्तात चाललंय. गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, आजच. नाही काढला तर शनिवार दिसेल की नाही मी सांगू शकत नाही.

मी म्हटलं, डॉ. लॉकयरना बोलवा.

शेवटी नाव सांगावंच लागलं. ती मरिसेलकडे बघत राहिली. मरिसेल तिच्याकडे. मरिसेल हळूच म्हणाली, पुस्तकवाले?

सकाळी ९

ते आले. हॉस्पिटलपासून दोन गल्ल्यांवर राहतात. शर्टाची बटणं घाईत चुकीची लावलेली. मी म्हटलं, डॉक्टर, यांना सांगा. तुम्ही म्हणालात ना, आणखी आठवडा. अजून हिरवं आहे.

त्यांना आधी काही कळेना. मग त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं, आणि खुर्चीचा आधार घेतला. म्हणाले, अरे देवा. मी ओट्सबद्दल बोलत होतो हो. मला वाटलं तुम्ही शेतच दाखवताय. मी गवताचा डॉक्टर आहे. चराऊ गवतावर प्रबंध लिहिला, सत्तर साली. निवृत्त झाल्यावर इथे पुस्तकं वाटतो.

बिल्ल्यावरची बारीक अक्षरं त्यांनीच वाचून दाखवली. स्वयंसेवक, ग्रंथालय.

माफ करा, माफ करा, असं चार वेळा म्हणाले. त्यांची काही चूक नाही. ओट्सबद्दल सल्ला बरोबरच असणार.

मी मिस लाझारूला विचारलं, मग तू डॉक्टर का नाहीस? तिने सांगितलं. आधी डॉक्टरच होते. सर्जनची परीक्षा पास झालं की आमच्यात डॉक्टर म्हणणं सोडतात, मिस किंवा मिस्टर लावतात. जुनी रीत आहे, मलाही विचित्र वाटते. मागचे दोघं अजून शिकतायत, म्हणून ते डॉक्टर.

म्हटलं, हे मला आधी का नाही सांगितलंस?

सांगितलं होतं, म्हणाली. पहिल्याच दिवशी, तुमच्या पायावर बोटं ठेवली होती तेव्हा. तुम्ही बेरीज करत होतात.

सही केली. तिने कागद घेतला आणि मघासारखीच बसून राहिली. उठून जायची घाई केली नाही. मी तिला विचारलं, गुडघा तरी वाचेल ना? म्हणाली, त्यासाठीच तर आज म्हणतेय. मला भीती वाटतेय हे मी तिला सांगितलं. नोरीनलाही इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, वाटणारच.

आता न्यायला येतायत.

१५ नोव्हें. शनिवार. दुपारी

काल दिवसभर काही कळत नव्हतं म्हणतात. आज ताप नाही. डोकं साफ आहे.

नोरीनने नवा चष्मा आणला. शेत स्पष्ट दिसतं. शो सुरू झाला असेल. मेंढ्यांना जज्ज म्हणून कोण उभं राहिलं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवली पाहिजे. डाव्या पायाचा अंगठा खाजतोय. चांगलाच खाजतोय, बाहेरच्या बाजूला, जिथे फोड होता तिथे. नसलेला अंगठा खाजत नाही, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. म्हणजे ऐनवेळी मिस लाझारूचा विचार बदलला. उघडून बघितलं असेल आणि म्हणाली असेल, अरे, हा तर बरा आहे. कसलेला सर्जन शेवटच्या क्षणी थांबू शकतो. महिनाभराने चालायला लागेन. पुढच्या वर्षी एकेचाळिसावं.

नोरीनला म्हटलं, जरा अंगठा खाजव गं. डावा.

ती विणत होती. सुया मांडीवर ठेवल्या, पण उठली नाही. मी म्हटलं, ऐकलं नाहीस का, किंवा चादर तरी वर कर, माझा मी बघतो. तिने विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की. तिने चादर वर केली.

चष्मा नवा होता. सगळं दिसलं.

मी म्हटलं, टाक खाली. तिने चादर खाली टाकली नाही. पलंगाच्या पायथ्याशी बसली, उजव्या पायाचा मोजा काढला आणि त्या अंगठ्याला सावकाश खाजवत राहिली. म्हणाली, आता एवढाच आहे लिंडसे, यावरच भागव.

डावा अजून खाजतच होता. मी तिला सांगितलं, हां, तिथेच, आता बरं वाटलं.